उसनी नजर

कात्रीकाकांनी त्या संध्याकाळी जे केलं, ते त्यांच्या जागी असलेल्या कोणत्याही शहाण्या माणसाने केलं असतं, हे आधीच सांगून ठेवतो. नंतर ज्याला जे बोलायचं ते तो बोलला. निर्माते बोलले, चॅनेल बोललं, समोरच्या फ्लॅटमधले वकील तर फी न घेता बोलले. पण कामाची घाई काय असते हे ज्याने भोगलंय, तो काकांना नावं ठेवणार नाही.

काका रोजच्या मालिकेचे संकलक. म्हणजे दिवसभर तिकडे नटनट्या जे काही बोलतात, रडतात, कपाट उघडतात आणि पुन्हा लावतात, ते सगळं कापून-जोडून वेळेवर चॅनेलच्या घशात घालणारा माणूस. पूर्वी खरोखरची फिल्म कापायची तेव्हा हातात कात्री असायची, तिच्यावरून नाव पडलं. पुढे कात्री गेली, कॉम्प्युटर आला, नाव तेवढं चिकटून राहिलं. काम चालायचं एका बिनखिडकीच्या खोलीत. तिथला एसी इतका थंड की भर उन्हाळ्यात अंगात स्वेटर, आणि पित्त होतं म्हणून शेजारी थंड दुधाचा थर्मास. काका टीव्हीत आहेत म्हणजे मजेत आहेत, अशी नातेवाइकांची समजूत होती.

आता एक धंद्यातली गोष्ट सांगायला हवी, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मालिकेत माणसं बोलतात कमी आणि एकमेकांकडे बघतात जास्त. सासू "चहा घे" म्हणाली की सून बघते, नणंद बघते, दारातला ड्रायव्हर बघतो, मग पुन्हा सासू बघते. या बघाबघीवरच भाग भरतो. पण इतकं बघणं रोज नवं कुठून आणायचं? म्हणून काकांनी वर्षानुवर्षं नजरा साठवल्या होत्या. एखादी नटी चांगलं बघून गेली की तेवढा तुकडा बाजूला काढायचा, त्याला नाव द्यायचं आणि कॉम्प्युटरमध्ये जपून ठेवायचा. 'सासू, संशय, साधा.' 'सासू, संशय, कडक.' 'नणंद, दाराआडून.' कधी शॉट कमी पडला की त्यातली एक काढायची आणि लावून टाकायची. सगळेच संकलक हे करतात. काकांचा अभिमान एवढाच, की त्यांनी आजवर एकही नजर चुकीच्या जागी लावली नव्हती. संशयाच्या जागी संशय, मायेच्या जागी माया. "नजर ओळखता आली पाहिजे," असं ते नवीन पोरांना सांगत, आणि पोरं मोबाईलमध्ये बघत मान हलवत.

तर त्या संध्याकाळच्या भागात थोरल्या जावेने धाकट्या जावेच्या हातात घराच्या किल्ल्या दिल्या. मालिकेतल्या या दोघी मुख्य. त्यांची खरी नावं कुणाच्या तोंडी नव्हती, स्टुडिओच्या फाटकावरचा वॉचमनसुद्धा त्यांना थोरलीताई आणि धाकटीताईच म्हणायचा. थोरलीने किल्ल्या दिल्या, पाठ फिरवली, आणि धाकटीने तिच्याकडे कृतज्ञतेने बघायचं होतं. नेमका तोच शॉट नव्हता. डायरेक्टर घ्यायचा विसरला होता आणि धाकटी घरी गेली होती. डायरेक्टरने दारातून नुसतं डोकं आत घातलं. "काका, बघा ना तुम्ही काहीतरी," तो म्हणाला आणि डोकं बाहेर घेऊन निघून गेला.

काकांनी धाकटीच्या नजरा उघडल्या. कृतज्ञता होती, पण तिच्यात अंगावर पिवळा ड्रेस होता आणि किल्ल्यांच्या वेळी निळा. निळ्यात एकच नजर निघाली: 'धाकटी, नवरा परत येतो, प्रेम.' हा नवरा मध्यंतरी मालिका सोडून सिनेमात गेला होता, म्हणून लेखकाने त्याला बोटीवरून बेपत्ता करून टाकलं होतं. नजर बिचारी बेवारस पडून होती. तिकडे चॅनेलवरून फोनवर फोन. काकांनी ती नजर उचलली आणि थोरलीच्या पाठीमागे लावली. अशी काही बसली म्हणता, की जणू तिथल्यासाठीच घेतली असावी.

आणि हाच घोटाळा झाला. एकदा बसली म्हटल्यावर काका ती पुन्हा वापरायला लागले. वेशभूषेवाली काटकसरी, निळा ड्रेस सारखा धुऊन परत यायचा. थोरली आजारी पडली, लावा नजर. थोरली बरी झाली, लावा नजर. थोरलीने बँकेत सही केली, तिथेही लावली. काकांना वाटत होतं आपण घराण्याची एकी दाखवतोय.

प्रेक्षकांना वेगळंच दिसलं. कुणीतरी त्या सगळ्या नजरा एकापाठोपाठ एक जोडून, संथ करून, खाली पियानो वाजवून मोबाईलवर फिरवल्या. 'धाकटीचं थोरलीवर प्रेम आहे, हे फक्त त्या घरातल्या माणसांना कळत नाहीये,' असं खाली लिहिलं होतं. बघता बघता लोकांच्या त्यावर उड्या पडल्या. एका बाईंनी कविता केली. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी चॅनेलला संतापाचं पत्र लिहिलं आणि शेवटी, त्या दोघी आता एकाच खोलीत राहायला जाणार का, असं विचारलं.

काकांना हे चॅनेलच्या बैठकीत कळलं. चॅनेलच्या मॅडमना सगळे पाठीमागे धोरणमॅडम म्हणत. त्यांनी तो पियानोवाला तुकडा भिंतीवर लावून दाखवला. आपलीच नजर इतकी मोठी होऊन समोर आलेली काका पहिल्यांदाच बघत होते.

"आम्ही याच्या विरोधात नाही," धोरणमॅडम म्हणाल्या. "बाजूनेही नाही. पण आपलं चॅनेल कौटुंबिक आहे."

"प्रेक्षक घटले का?" निर्मात्यांनी भीत भीत विचारलं.

"वाढलेत. तीच तर काळजी आहे. वरून विचारणा झाली, का वाढले. काय सांगू?"

शेवटी ठरलं की प्रकार वाढण्याआधी मिटवायचा, आणि तो मिटवायची जबाबदारी संकलनाची. काकांचा करार महिनाअखेरीस संपत होता. या वयात हा धंदा सुटला तर दुसरीकडे त्यांना कोण उभं करणार होतं? काका मान डोलावून खोलीत आले आणि थर्मासला तोंड लावलं.

पहिला उपाय सोपा होता. नजर काढायची. काकांनी त्या जागी भिंतीवरचं घड्याळ लावलं. थोरली वळली की घड्याळ. थोरली खोकली की घड्याळ. दोन दिवसांत प्रेक्षकांनी घड्याळाचाही अर्थ लावला: धाकटी तिच्या येण्याची वाट बघते, क्षण मोजते. शिवाय नजर का कापली, कुणाच्या दबावाखाली कापली, याबद्दल जाब विचारायला लोक पुढे आले ते वेगळेच.

मग चॅनेलने लेखी सूचना काढली. दोन स्त्री-पात्रं एकमेकींकडे बघत असल्यास मध्ये किमान एक वस्तू असावी. वस्तू कोणती, हे सूचनेत नव्हतं. ते विचारायला निर्मात्यांनी पत्र पाठवलं, त्याचं उत्तर आलं की वस्तू विषयाला धरून असावी. सेटवरच्या माणसाने हाताला लागली ती फुलदाणी ठेवली. आता थोरली आणि धाकटी फुलांच्या आडून एकमेकींशी गॅसच्या बिलाबद्दल बोलायला लागल्या, आणि ते दृश्य असं काही दिसलं की काकांनी स्वतः खुर्ची मागे सरकवली. फुलदाणी काढून टेबलफॅन ठेवला, तर दोघींचे केस उडायला लागले.

शेवटी लेखकाला सांगितलं, दोघींचं भांडण लावा. कडाक्याचं भांडण झालं. "तू माझ्याशी आधी बोलायला हवं होतंस," असं थोरली म्हणाली. धाकटीने दार आपटलं आणि मग दाराला टेकून रडली. दुसऱ्या दिवशी प्रेक्षकसंख्या इतकी वाढली की धोरणमॅडम रजेवर गेल्या.

इकडे घरीही काकांना थारा राहिला नाही. हा सगळा काकांच्या हातचा खेळ आहे हे बायकोने मैत्रिणीला विश्वासात घेऊन सांगितलं होतं, म्हणजे इमारतीत कुणाला सांगायचं राहिलं नव्हतं. समोरचे वकील पेपर परत द्यायच्या निमित्ताने आले आणि तास काढून गेले. "लेखी काही देऊ नका," ते म्हणाले. "तोंडीही देऊ नका. विचारलं तर आठवत नाही म्हणा. फार झालं तर आजारी पडा." वरच्या मजल्यावरचे बँकेतले गृहस्थ म्हणाले, आजारी पडण्यात अर्थ नाही, सरळ दोघींपैकी एकीचं लग्न लावा. तिचं लग्न झालंय, नवरा बोटीवरून बेपत्ता आहे, असं काकांनी सांगितल्यावर ते म्हणाले, मग तुमच्या लेखकाचंच चुकलं.

ती मैत्रीण म्हणजे इमारतीतल्या दातांच्या डॉक्टरीणबाई. त्या आणि काकांची बायको इतकी वर्षं रोज संध्याकाळी हातात हात घालून फिरायला जात. आता त्या दोघी मध्ये एक माणूस मावेल इतकं अंतर ठेवून चालायला लागल्या. बायकोला याचं वाईट वाटत होतं आणि ते निघत होतं काकांवर.

"एक विचारू का?" एका सकाळी तिने चहा ठेवता ठेवता विचारलं. "तुम्ही माझ्याकडे अशी नजर कधी टाकली होतीत का हो?"

"कशी?"

"त्या धाकटीसारखी."

काकांनी चहाच्या कपात बघितलं. हजारो नजरा हाताळलेला माणूस, पण तेव्हा लावायला एकही नजर सापडेना.

धोरणमॅडम रजेवरून आल्या त्या ताज्या होऊन. आल्या आल्या बैठक. वरून आलेला नवा प्रश्न असा होता की हे सगळं मुळात केलं कुणी. मुद्दाम केलं का? लेखक म्हणाला, मी कृतज्ञता लिहिली होती. डायरेक्टर म्हणाला, मी तर शॉट घेतलाच नव्हता. निर्मात्यांनी फक्त काकांकडे बघितलं, आणि ही नजर काकांना चटकन ओळखता आली. 'निर्माते, हात झटकणे.'

"काकांचीच काहीतरी कल्पना असेल," डायरेक्टर हसत हसत म्हणाला. "म्हातारपणी सुचतं एखाद्याला."

काकांच्या मानाला ठेच लागली. एरवी बैठकीत तोंड न उघडणारा माणूस उठून उभा राहिला. "ती नजर नवऱ्यासाठीची आहे," काका म्हणाले. "नवरा परत येतो त्या दिवशी घेतलेली. तीस वर्षांत एक नजर मी ओळखायला चुकलो नाही. पुरावा हवा ना? मूळ चित्रीकरण आहे माझ्याकडे, आधीच्या-नंतरच्या सगळ्या बोलण्यासकट. इथे भिंतीवर लावतो, सगळ्यांनी बघा."

"उत्तम," धोरणमॅडम म्हणाल्या. "सोमवारी लावा. नवऱ्याची निघाली तर प्रश्न मिटला, तुमचा करार पुढे. नाही निघाली तर बदल करावे लागतील. संकलनात आणि कलाकारांतही."

काका छाती काढून घरी आले. आई टीव्हीसमोर बसली होती. आई म्हणजे काकांची आई, ऐंशीच्या पुढची, कान गेलेले, त्यामुळे आवाज बंद करूनच मालिका बघायची. मुलाच्या मालिकेचा एक भाग तिने चुकवला नव्हता. काकांनी तिच्या कानाशी ओरडून सगळी हकीकत सांगितली आणि शेवटी म्हणाले, "सोमवारी सगळ्यांची तोंडं बंद करतो बघ. नवऱ्यासाठीच बघत होती ती."

"नाही रे," आई म्हणाली.

"नाही काय? मी स्वतः नाव दिलंय त्या नजरेला."

"नवऱ्याकडे बाई अशी बघत नाही. मी बघितलंय नवऱ्याकडे." आईने पुन्हा टीव्हीकडे तोंड केलं. "जीव जडलाय पोरीचा. आणि जिच्याकडे बघतेय ती समोर आहे. हवेत बघून असं बघता येत नाही."

काकांना राग आला. मग झोप आली नाही. मग पित्त आलं.

शनिवारी संकलनाला सुट्टी असूनही ते स्टुडिओत गेले, खोलीचं दार लावलं आणि मूळ चित्रीकरण उघडलं. त्या नजरेपुरता तुकडा त्यांनी शंभरदा बघितला असेल, पण त्याच्या मागेपुढे काय होतं ते काढून ठेवताना कोण बघतो? एखाद्या नटाची नजर घ्यायची असली की समोरच्या नटाला कॅमेऱ्याशेजारी उभं करतात, म्हणजे बघणाऱ्याला बघायला काहीतरी असतं. काकांनी चित्र चालू केलं. पडद्यावर निळ्या ड्रेसमधली धाकटी एकटी, आणि पलीकडून आवाज.

"नजरेला कोण उभं राहतंय?" असिस्टंट विचारत होता. "नवरा कुठाय?"

"तो गेला गाडीतून," दुसरं कुणीतरी म्हणालं.

"मी राहते," थोरलीचा आवाज आला.

मग ॲक्शन. आणि ती नजर. पाणी भरत चाललेले डोळे, ओठांच्या कोपऱ्यात न मावणारं हसू. मग डायरेक्टर "कट" म्हणाला.

इथे काका खुर्चीत पुढे सरकले. कट म्हटलं की नजर पडते. नट कितीही मोठा असो, कट म्हटल्याबरोबर पायातली चप्पल काढावी तशी तो नजर काढून ठेवतो आणि पाणी मागतो. काकांनी आयुष्यभर तेच बघितलं होतं. धाकटीची नजर पडली नाही. दिवे बंद व्हायला लागले, कुणीतरी वायर ओढत गेलं, आणि ती तशीच बघत होती. मग चित्राच्या कडेने थोरलीचा हात आला आणि त्याने धाकटीच्या कपाळावरची बट मागे सारली. फार सवयीने सारली. "चल," थोरली हळूच म्हणाली, "कुणीतरी बघेल." तेवढ्यात कॅमेरा बंद झाला.

काकांनी त्या एसीत अंगातला स्वेटर काढून ठेवला. प्रेक्षक बरोबर होते. तो मुख्याध्यापक बरोबर होता, ती कविता करणारी बाई बरोबर होती, आणि आवाज बंद करून बघणारी आई तर पहिल्यापासून बरोबर होती. चुकले होते फक्त नजर ओळखणारे कात्रीकाका. ही नजर त्यांनी चुकीच्या जागी लावलीच नव्हती. चुकीच्या जागेवरून उचलून तिच्या खऱ्या जागी नेऊन ठेवली होती, आणि हा पराक्रम सोमवारी भिंतीवर लावून दाखवायचं वचन भर बैठकीत दिलं होतं.

दारावर टकटक झाली. काकांनी घाईने पडदा बंद केला. दारात धाकटी उभी होती, साध्या कपड्यांत, चेहऱ्याला रंग नाही, त्यामुळे लहान दिसत होती.

"काका, मूळ शॉट दाखवणार आहात म्हणे सोमवारी," ती म्हणाली. "मला फक्त एवढंच विचारायचंय. कट म्हटल्यावर कॅमेरा लगेच बंद झाला होता का?"

काकांना खोटं बोलायची सवय नव्हती. "थोडा जास्त चालतो नेहमीच," ते म्हणाले.

ती खाली बसली. खोलीत दुसरी खुर्ची नव्हती, तारांच्या पेटीवरच बसली. "माझ्या वडिलांना माहीत नाही," ती म्हणाली. "तिच्या आईला कळलं तर तिची आई दार लावून घेईल. आम्हाला कामावरून काढलं तर दुसरं काम मिळेल कदाचित. पण घर दुसरं मिळत नाही ना."

काकांना हात कुठे ठेवावेत ते कळेना. त्यांनी थर्मासच्या झाकणात दूध ओतलं आणि पुढे केलं. "घ्या. पित्ताला चांगलं."

"मला पित्त नाही."

"होईल."

तिला हसू आलं आणि त्याबरोबर रडूही आलं. "लोक लिहितात ते आम्ही दोघी रोज वाचतो," झाकण हातात धरून ती म्हणाली. "पहिल्यांदा वाचलं तेव्हा काय वाटलं सांगू? बरं वाटलं. वाटलं, आपल्याला बघितलं कुणीतरी. अख्ख्या जगाने बघितलं आणि वाईट म्हटलं नाही. मग दोन दिवसांनी भीती वाटायला लागली ती आजपर्यंत. तुमच्यावर राग नाही काका. नजर छान लावली होतीत तुम्ही."

असं कौतुक तीस वर्षांत कुणी केलं नव्हतं आणि या कौतुकाचं करायचं काय हेही कळत नव्हतं. ती गेल्यावर त्यांनी मूळ चित्रीकरण उघडलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत एका पेनड्राइव्हवर घेतलं, आणि मग मूळ पुसायला घेतलं. संकलकाला यापेक्षा वाईट काम नाही. नुसता कुणाचा तरी हात आलेला, तोंड वाकडं झालेला, अर्धा अंधारातला असा कुठलाही तुकडा काका कधी फेकत नसत. मूळ मटेरियल पुसणारा माणूस या धंद्यात तोंड दाखवत नाही. कॉम्प्युटरने विचारलं, नक्की पुसायचं का, परत मिळणार नाही. या सगळ्या प्रकरणात काकांना एवढ्या सभ्यपणे दुसऱ्या कुणी काही विचारलं नव्हतं. त्यांनी पुसलं.

पेनड्राइव्ह त्यांनी रविवारी चित्रीकरणाच्या जेवणाच्या सुट्टीत धाकटीच्या हातात दिला. "हे तुमचं आहे," एवढंच म्हणाले आणि वळून चालायला लागले. मागे काय नजर पडली असेल ते बघायला थांबले नाहीत.

सोमवारी बैठकीला गर्दी होती. भिंतीवर पांढरा चौकोन पडला होता. "लावा," धोरणमॅडम म्हणाल्या.

"पुसलं गेलं," काका म्हणाले.

"काय पुसलं गेलं?"

"मूळ चित्रीकरण. जागा करत होतो. माझ्या हातून पुसलं गेलं."

निर्मात्यांनी डोक्याला हात लावला. डायरेक्टर म्हणाला, "काका, तुम्ही? तुमच्या हातून?" आणि त्याच्या आवाजात खरंच धक्का होता, तो काकांना सगळ्यात जास्त लागला.

"मग ती नजर नवऱ्यासाठीची होती, हे कशावरून?" धोरणमॅडमनी विचारलं.

आता काकांना काहीतरी ठाम सांगावंच लागणार होतं. वकिलांचं 'आठवत नाही' जिभेवर आलं होतं, पण तेवढंच म्हटलं असतं तर मॅडमनी दोघींना बोलावून विचारलं असतं. "कुणासाठीच नव्हती," ते म्हणाले. "मी आता नीट आठवून बघितलं. समोर कुणी उभंच नव्हतं. दिव्याचा झोत डोळ्यांत जात होता म्हणून मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी त्याला प्रेम असं नाव देऊन ठेवलं. त्या बिचाऱ्या दोघींचा काही संबंध नाही. मला नजर ओळखता येत नाही, मॅडम. पूर्वी येत असेल. आता येत नाही."

नवीन पोरांपैकी एकजण मोबाईल खाली ठेवून त्यांच्याकडे बघत होता.

धोरणमॅडमचा चेहरा उजळला. दिव्याचा झोत हे कारण वर पाठवायला फार सोयीचं होतं. तांत्रिक चूक, जबाबदार व्यक्ती निश्चित, कलाकार निर्दोष. काकांचा मालिकेचा करार संपला. त्यांना घरी बसवणं बरं दिसणार नाही म्हणून दुपारी भांडी विकण्याचा एक कार्यक्रम लागायचा, तो दिला. त्यात एक बाई तव्याकडे बघते आणि एक बुवा त्या बाईकडे न बघता तव्याकडेच बघतो. नजरेचं काम नाही. पित्त मात्र कमी झालं, हे कबूल करायला हवं.

बायकोला त्यांनी काहीच सांगितलं नाही. चूक झाली म्हणाले. "तुमच्या हातून?" तीही तेच म्हणाली, आणि दोन दिवस त्यांना न मागता दूध देत राहिली. मालिका नव्या पोराच्या हातात गेली. लेखकाने लगोलग बोटीवरचा नवरा परत आणला, तो दुसऱ्याच नटाच्या तोंडाचा, आणि हळूहळू लोकांची चर्चा थंडावली.

एका संध्याकाळी काका घरी होते. आई मालिका लावून बसली होती, आवाज बंद. बायको भाजी निवडत होती. वकील पेपर परत द्यायला आले होते आणि दिला तरी उठत नव्हते. पडद्यावर घरातली सगळी मंडळी जेवायच्या टेबलाभोवती होती. नवरा काहीतरी सांगत होता, थोरली एका टोकाला, धाकटी दुसऱ्या टोकाला, मध्ये चॅनेलच्या सूचनेपेक्षा कितीतरी जास्त वस्तू. थोरली पाण्याचा जग घेऊन उठली आणि पडद्याबाहेर गेली. नव्या पोराने शॉट किंचित उशिरा कापला. तेवढ्यात कडेला, अंधुक, धाकटीने मान वर केली होती.

"बघ," आई म्हणाली. "अजून बघतेय ती."

वकिलांनी झटकन चष्मा लावला. "कुठे? कुठे हो, आजी?" ते काकांकडे वळले. "म्हणजे खरंच काहीतरी आहे म्हणता? तुम्हाला कळत असेलच की."

काकांना लख्ख दिसलं होतं. सांगायला कॉम्प्युटरही नको होता.

"मला तर काही दिसलं नाही," काका म्हणाले.

आईला ते ऐकू गेलं की ओठांवरून कळलं, कोण जाणे. तिने टीव्हीवरचे डोळे काढून मुलाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग वकिलांकडे वळली.

"मग मलाही नाही दिसलं," ती म्हणाली.